बाहेरच्या खोलीतून आतल्या खोलीत

लिफ्टवाले काका चौतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होते. निवृत्तीनंतरही सवय गेली नव्हती. घरातलं काहीही बंद पडलं की ते दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय असं धरून चालायचे; वर न्यायचं की खाली, एवढाच प्रश्न. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. अख्खी शाळा तिला बाई म्हणायची, म्हणून काकाही बाईच म्हणत.

पडदे धुवायला काढताना बाई स्टुलावरून पडल्या आणि घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. पलंग आतल्या खोलीत, समोर भिंतीवर टीव्ही, आणि टीव्हीखाली परदेशातल्या मुलीने पाठवलेली, टीव्हीवर नेट दाखवणारी तळहाताएवढी काळी डबी. त्या डबीवर बाईंनी दोन दिवस बातम्या, जंगली प्राणी आणि लोक आपली घरं कशी सजवतात ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "अहो, शाळेच्या सहलींच्या कॅसेटी तुम्ही कॉम्प्युटरवर चढवल्या होत्या ना? त्या इथे आणा."

कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत होता. मध्ये एक भिंत. काकांना वाटलं, अर्ध्या तासाचं काम.

पेन ड्राइव्हवर जागा भरपूर होती, तरी सहल त्यात जाईना. फाइल फार मोठी आहे, असं कॉम्प्युटर सांगे. आठ माणसांची लिफ्ट एकाच लठ्ठ माणसाला दारात अडवतेय, हे काकांना पटेना. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा, तो पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीचा आहे. चार जीबीच्या वरची एक फाइल तो घेतच नाही. वायफायवरून फोल्डर शेअर करा, म्हणजे काही उचलून न्यायलाच नको."

तिने सांगितलेली एकेक पायरी काकांनी कागदावर उतरवली आणि तशीच केली. डबी म्हणाली, एकही कॉम्प्युटर सापडला नाही.

"भिंतीपलीकडेच आहे म्हणावं," बाई पलंगावरून म्हणाल्या.

पुन्हा फोन. मुलीने विचारलं, "दोन्ही एकाच वायफायवर आहेत ना?"

नव्हते. तीन वर्षांपूर्वी घरचं नेट बंद पडलं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांनी एका दिवसापुरता आपला पासवर्ड दिला होता. कॉम्प्युटर तेव्हापासून वरच राहत होता. काकांनी शर्ट चढवला, वर गेले आणि डॉक्टरांना सगळं सरळ सांगितलं. डॉक्टरांनी मास्कच्या आतून ऐकून घेतलं. म्हणाले, "तरीच."

खाली येऊन काकांनी घरच्या नेटची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि डबीला तो लगेच दिसला. कुठलं फोल्डर उघडायचं हे ठरवत न बसता काकांनी अख्खी डिस्कच डबीला खुली केली. निम्मं दार उघडायची त्यांना सवय नव्हती. धरणाच्या भिंतीवर चाळीस मुलांची रांग आणि रांगेच्या टोकाला शिट्टी घेतलेल्या बाई, असं दृश्य टीव्हीवर आलं. पंधरा मिनिटांनी ते थांबलं, कारण बाहेर कॉम्प्युटर झोपला होता. काकांनी त्याची झोपच बंद करून टाकली. मग चार दिवस बरे गेले.

पाचव्या दिवशी दुपारी काका बाहेर मटार सोलत बसले होते. भिंतीपलीकडून त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला. "मान्यवर, शिक्षकवृंद आणि…"

पाच वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी काकांनाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. बाई शाळेत असताना काकांनी महिनाभर कॉम्प्युटरच्या कॅमेऱ्यासमोर सराव केला. प्रत्यक्ष समारंभात ते उठले, माईक धरला, म्हणाले, "जेवण तयार आहे असं कळतं," आणि खाली बसले. लोक हसले. घरी येताना बाई एवढंच म्हणाल्या, "निदान खरं तरी बोललात." सरावाच्या अकरा फाइली मात्र डिस्कवर तशाच राहिल्या होत्या.

मटार बाजूला सारून काकांनी कॉम्प्युटरमागची नेटची वायर उपटली. आवाज थांबला.

"अहो," आतून बाई म्हणाल्या, "अडकलं."

काका वायर हातात धरून उभे राहिले.

"दोन मजल्यांच्या मध्ये अडकलंय. बघता का?"

काकांनी वायर परत लावली.

पहिल्या दहा भाषणांत तेच ते होतं. एका ठरावीक ठिकाणी काका म्हणत, "एक गोष्ट सांगायची आहे," आणि मग त्यांचा हात पुढे येऊन कॅमेरा बंद करी. अकराव्यात हात आला नाही.

मुलगी दुसरीत असताना एका इमारतीत लिफ्टचा दोर सुटला होता आणि वजनाचा ठोकळा काकांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून खाली गेला होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाय लिफ्टच्या खड्ड्यात उतरेना. कपड्यांना ग्रीस का नाही, असं बाईंनी विचारलं म्हणून त्यांनी सांगितलं. बाकी कुणाला नाही. मग महिनाभर शाळा सुटली की बाई, काका जिथे असतील त्या इमारतीत येत, खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून वह्या तपासत आणि मुलांची चुकीची उत्तरं मोठ्याने वाचत. वाळवंटात उंट पिकतात. काका खाली ऐकत ऐकत नट आवळत.

"मी तिचा उपकृत आहे," पडद्यावरचे काका म्हणाले. "हे तिला सांगितलेलं नाही, कारण तिने विचारलं नाही."

काका आतल्या खोलीच्या दारात आले. बाई टीव्हीकडेच पाहत होत्या.

"उपकृत हा शब्द तीनदा आलाय. एकदा पुरे."

"बरं."

"आणि खिशातले हात बाहेर."

काकांनी उभ्या जागी खिशातले हात बाहेर काढले.

बाई रिमोट खाली ठेवत म्हणाल्या, "मला तरी घरी कुठे बसवत होतं? तुम्ही खाली आणि मी इथे. वह्या घरीही तपासता आल्या असत्या."

हे काकांना माहीत नव्हतं. ते पलंगाच्या कडेला बसले. संध्याकाळपर्यंत त्यांना मटार आठवले नाहीत.

प्लास्टर निघालं त्या आठवड्यात शाळेतल्या दोन मैत्रिणी भेटायला आल्या, एक विज्ञानाच्या आणि एक चित्रकलेच्या. बाईंनी रिमोट हातात घेतला. काय लागणार हे ओळखून काका म्हणाले, "चहा टाकतो," आणि स्वयंपाकघरात गेले. उंटाच्या वाक्याला तिघी हसल्याचं त्यांना ऐकू आलं. मग 'उपकृत' तीनदा ऐकू आलं. चहा उकळून काळा झाला. त्यांनी त्यात आणखी दूध ओतलं, कप भरले आणि आत नेले. चित्रकलेच्या बाईंनी कप घेतला आणि सरकून त्यांना बसायला जागा करून दिली.