मावशींच्या खोलीतली दुसरी कॉट

आत्ताच्या आत्ता लिहायला पाहिजे. अर्धा तास गेला की मी परत गप्प बसणार, मला माहितीय मी कशी आहे ते. तीन वर्षं हे कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ताईला नाही. चुका झाल्या तर होऊ देत, मी टाइप करत सुटलेय.

मघाशी सुजाताचा मेसेज आला. एम.ए.ला माझ्याबरोबर होती, समाजशास्त्राला. तिची धाकटी बहीण आता कोल्हापूरला शिकायला येतेय. लिहिलंय — "तिला एखादी खोली बघ की गं. कुठंबी चालंल. फक्त तुझ्या त्या मावशीकडं नको."

तुझ्या त्या मावशीकडं नको. हे दोनदा वाचलं आणि लिहायला बसले.

मी पेठ वडगावची. एम.ए.ला आले तेव्हा राजारामपुरीत मावशींकडे राहायचे. मावशी म्हणजे घरमालकीण, नात्यातल्या नाहीत. वरच्या मजल्यावर एक खोली, दोन कॉट. एक माझी, दुसरी रिकामी. सुजाता गगनबावड्याकडची, बौद्ध घरातली. रोज पहाटेची एसटी, संध्याकाळी परत एसटी. आणि तिकडचा पाऊस माहितीय ना तुम्हाला? रस्त्यावर पाणी आलं की गाडीच नाही. वर्गात यायची तेव्हा पहिला तास संपत आलेला असायचा आणि सलवार गुडघ्यापर्यंत ओली.

आमची गट्टी होती. होतीच — हे तरी खोटं नाही. दोघींचा मिळून एक सेमिनार होता, वंशवादाचा इतिहास. वाचून डोकं फिरायचं. मेलेल्या माणसांच्या कवटीत मोहरी भरून बघायचे, कुठल्या वंशाच्या डोक्यात किती मावते, आणि त्यावरनं हुशारी ठरवायचे. आपल्याकडं तर इंग्रज साहेब लोक नाकं मोजत फिरायचे — नाक जेवढं रुंद तेवढी जात खालची. सुजातानं माझ्याच कंपासमधली पट्टी काढून माझं नाक मोजलं होतं. "तू तर गेलीस बाई, एकदम तळाला." पोट धरून हसलो होतो.

त्याच आठवड्यात ती नोट्स न्यायला माझ्या खोलीवर आली. मावशींनी चहा दिला, गाव विचारलं, आडनाव विचारलं. जाताना जिन्यात सुजाता हळूच म्हणाली, ती कॉट रिकामीच आहे तर मी येऊ का? मावशींना विचारशील?

मी म्हटलं, विचारते की.

विचारलं नाही.

दोन दिवस घालवले आणि कॅन्टीनमध्ये तिला सांगितलं — मावशी नको म्हणतात. तुझं आडनाव ऐकलं ना त्यांनी, त्यांना चालत नाही. हे मी सांगितलं. मावशी असं काहीच बोलल्या नव्हत्या. वर मीच त्यांना शिव्या घातल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं — खरंखुरं आलं, कुठनं आलं कुणास ठाऊक. आणि सुजाता, जिला खोली नाकारली होती ती, माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे गं. सवय हाय मला."

का केलं असं? आईला काय वाटेल, असं बरेच दिवस स्वतःला सांगत होते. पण आईनं कधी काही विचारलंच नव्हतं. मलाच नको होतं. एकच बादली, एकच लोणच्याची बरणी, माझ्या उशीजवळ तिची उशी. कॅन्टीनमध्ये तिच्या डब्यातली भाकरी मी मोडून खायचे — चार जण बघत असायचे ना. खोलीत कोण बघणार होतं?

आणि सेमिनारला मी हे सगळं 'उदाहरण' म्हणून सांगितलं. सुजाताला न विचारता. शहरात राहणारी बाई आडनाव ऐकून खोली नाकारते, मग नाकं मोजणाऱ्या साहेबात आणि हिच्यात फरक काय? वर्गात टाळ्या. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. सुजाता माझ्या शेजारी उभी होती, खाली बघत.

दिवाळीनंतर ती यायची बंद झाली. गाडी चुकली म्हणून एक परीक्षा बुडली, मग दुसरी. घरचे म्हणाले, बास आता. तिकडंच एका दुकानात कामाला लागली. एम.ए. राहिलं ते राहिलंच. मी फर्स्ट क्लासमध्ये पास झाले.

खोली सोडायच्या दिवशी मावशी माझी बॅग धरायला वर आल्या. म्हणाल्या, "ती गगनबावड्याची पोरगी परत आलीच न्हाय गं? मला वाटलंतं तू आणशील तिला. म्हणून तर दुसऱ्या कुणाला दिली न्हाय ही कॉट."

मी म्हटलं, मावशी, ती आमच्यातली नव्हती.

"मग? मला नळ बंद करणारी पोरगी पायजे. तू तर रोज उघडा टाकून जातीस."

त्या कॉटवर वर्षभर मी कपडे वाळत घालत होते. त्या दिवशीपण माझा एक टॉवेल तिच्यावरच होता. तो घेतला आणि निघाले. सुजाताला फोन केला नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. तीन वर्षं तिच्या लेखी मी तिच्या बाजूनं रडलेली मैत्रीण आणि मावशी नाक मोजणाऱ्या.

हे इथं टाकायच्या आधी तिलाच पाठवलंय, सगळं, असंच्या असं. खाली मावशींचा नंबर दिलाय आणि लिहिलंय — बहिणीला यांच्याकडे पाठव. यांनी कधीच नको म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं.

तिनं वाचलंय. काही लिहायला लागली होती, मग थांबली.

तुमच्याकडनं झालंय का असं — नको आपल्याला असतं, आणि नाव दुसऱ्याचं सांगितलेलं?