दोन्हीकडची खूण

आमच्या सान प्रोकोलोत खऱ्या खिडक्यांपेक्षा गास्पारे रात्सेतोने रंगवलेल्या खिडक्या जास्त भरतील. बंदरावरच्या घरांना सपाट भिंत कोणालाच खपत नाही. मग तिच्यावर रंगाने झडपा काढायच्या, कठडे काढायचे, कठड्यावर एखादी मांजर बसवायची, ही इकडची जुनी रीत. गास्पारे त्यातला बाप माणूस. नवीन आलेल्या एका पोस्टमनने त्याने रंगवलेल्या दाराची कडी वाजवायला हात पुढे केला होता आणि अख्खा धक्का महिनाभर त्या बिचाऱ्याला हसत होता.

गास्पारेला स्वतःला मात्र या कामाचं फारसं कौतुक नव्हतं. भिंतींवर मी जन्मभर थापा मारल्या, म्हणायचा, खरं काम केलं ते वाटेवर. वाट म्हणजे धक्क्यापासून निघून कड्याकड्याने पुंता कोर्वाच्या टोकाला जाणारी चार तासांची पायवाट. तिची खूण दोन लाल ठिपके. खारा वारा रंग खातो, म्हणून दर तिसऱ्या वर्षी खडकाखडकावर ते नव्याने काढावे लागतात. वाट सांभाळणाऱ्या मंडळाचं हे बिनपगारी काम त्याने एकतीस वर्षं केलं, आणि त्यात कोणाची कुचराई चालू दिली नाही.

त्याचा एकच नियम होता. जाताना रंगवायचं, आणि मग त्याच वाटेने परत येताना समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांनी बघत पुन्हा रंगवायचं. खडकाची पुढची बाजू जाणाऱ्याची, मागची येणाऱ्याची. मंडळात नवीन आलेला कोणी कंटाळून एकाच बाजूने काम उरकायला लागला की गास्पारे विचारायचा, "तुझी सासू पुंता कोर्वाकडून यायची असेल तर? का ती हरवलेलीच बरी?" ही कोटी आम्ही सगळ्यांनी शंभरदा ऐकली होती. तीन वर्षांपूर्वी ती एकाएकी ऐकू येईनाशी झाली, आणि का ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या वर्षी हिवाळ्यात पाऊस फार झाला. पुंता कोर्वाकडून येताना जळक्या पाइनजवळ वाटेला फाटा फुटतो, एक वाट वरून जाते, एक खालून समुद्राला चिकटून, आणि बंदराजवळ दोन्ही पुन्हा मिळतात. खालच्या वाटेवर मधोमध दरड कोसळली. नगरपालिकेने ती वाट बंद केली, दोन्ही टोकांना पाट्या ठोकल्या आणि मंडळाला कळवलं की तिच्यावरच्या खुणा झाकून टाका. झाकायचं म्हणजे खडकाच्या रंगाचा करडा रंग ठिपक्यांवर द्यायचा. हे काम गास्पारेवाचून कोण करणार? असा रंग जमवायचा की खडकालाही पत्ता लागू नये.

तो या कामाला गेला तो नेमका सान प्रोकोलोच्या उत्सवाचा दिवस. आमच्याकडे मिरवणुकीत दीडशे किलोचा क्रूस एका माणसाने कमरेच्या पट्ट्यावर तोलून न्यायचा असतो, वीस पावलांनंतर दुसऱ्याने घ्यायचा. चर्चच्या पायऱ्यांवरची वीस पावलं गास्पारेची. त्याच्या बापाचीही तीच होती. बंदराकडून दिसणाऱ्या सगळ्या खुणा झाकत, दरड जपून ओलांडत तो जळक्या पाइनपर्यंत पोचला तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. मागे वळून उलट्या बाजूच्या पाच खुणा झाकायच्या होत्या. पण चारला मिरवणूक. उद्या येऊ, म्हणाला आणि वरच्या वाटेने झपाझप उतरला. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला. तिसऱ्या दिवशी पाऊस. मग एका हॉटेलची भिंत आली, आणि राहिलं ते राहिलंच. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

नवव्या दिवशी पुंता कोर्वाकडून एक बाई एकटीच चालत आली. लुचिल्ला तिचं नाव, वय एकेचाळीस, क्रेमोनाकडच्या सपाट मुलखातली शाळामास्तरीण. दरडीच्या कडेवरून तिचा पाय घसरला आणि खाली समुद्रात पडून ती गेली. मच्छीमारांनी तिला होडीतून धक्क्यावर आणलं तेव्हा गास्पारे तिथेच उभा होता. एका पायात बूट नव्हता, तेवढंच त्याला आठवतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तो डबा घेऊन वर गेला आणि त्या पाचही खुणा झाकून आला. दुपारी चौकशीची माणसं तिथे गेली. पुंता कोर्वाच्या बाजूची पाटी झुडपात पडलेली मिळाली, वाऱ्याने कधी पडली कोण जाणे. खालच्या वाटेवर खूण एकही नाही. म्हणजे बाई आपल्या मर्जीनेच उतरली, फोटोबिटो काढायला उतरली असेल, असं ठरलं. वर्तमानपत्रातही तेच आलं. आम्हीही बारमध्ये बसून तेच बोललो, शहरातली माणसं अशीच म्हणून. गास्पारे कॉफीच्या कपात बघत बसला होता. एक शब्द बोलला असता तर? नाही बोलला. तोंड उघडायचं धाडसच झालं नाही त्याला, आणि एकदा गिळलेला शब्द मग दिवसेंदिवस जड होत गेला.

पुढच्या उत्सवात त्याने क्रूस उचलला नाही. खांदा गेला, म्हणाला. खांदा ठणठणीत होता. त्याच्या बायकोला, एर्सिलियाला, ते ठाऊक होतं. त्या सकाळचा करडा रंग त्याच्या पँटच्या पायांना लागलेला तिनेच टर्पेंटाइनने घासून काढला होता. तिने विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि तीन वर्षं दोघं एका टेबलावर जेवली.

यंदाच्या मे महिन्यात लुचिल्लाचा बाप आला. ओरेस्ते गेत्सी, वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, जन्म सगळा चीजच्या कारखान्यात गेलेला. मुलगी पडली ती जागा बघायची म्हणाला. बारमधल्यांनी चांगुलपणाने त्याला गास्पारेच्या घरी पाठवलं, कारण वाटेची त्याच्याइतकी माहिती कोणाला?

म्हातारा स्वयंपाकघरात खुर्चीच्या कडेवर बसला. लुचिल्ला गणित शिकवायची, म्हणाला. लहानपणी वहीत समास आखल्याशिवाय पहिली ओळ लिहायची नाही. रस्ता रिकामा असला तरी दिवा हिरवा होईपर्यंत उभी राहायची, बरोबरच्या मुली चिडवायच्या तिला. अशी पोर बंद वाटेवर उतरते कशी?

"माझी बायको जानेवारीत गेली," तो म्हणाला. "शेवटपर्यंत पोरीवर रागावलेली होती. कशाला गेली मेली तिकडे, कशाला गेली, हेच तोंडात. मला काही नको. ती का उतरली तेवढं एकदा डोळ्यांनी बघू दे, म्हणजे मी पण सुटलो."

उद्या सकाळी नेतो, एवढंच गास्पारेच्या तोंडून निघालं.

सकाळी एर्सिलियाने पिशवीत फोकाच्याचे, म्हणजे आमच्याकडच्या चपट्या पावाचे, तुकडे बांधून दिले. पिशवी उचलल्यावर त्याला ती जड लागली. आत रंग खरवडायची पाती होती, टर्पेंटाइनची बाटली होती आणि एक फडकं.

"पँटवरचा रंग मी काढला होता," ती सिंककडे तोंड करून म्हणाली. "हा तुझा तू काढ."

नेहमी तासाभराची चढण, पण म्हाताऱ्याबरोबर तीन तास लागले. ओरेस्ते प्रत्येक लाल ठिपक्यापाशी थांबायचा, दम खायचा आणि ठिपक्यावर हात ठेवून पुढे निघायचा. खुणा छान ठेवल्यात तुम्ही, असं तो दोनदा म्हणाला. गास्पारेला वाटलं, इथूनच मागे फिरावं, पाय मुरगळला म्हणावं, काहीही म्हणावं. पण म्हातारा काठी टेकत पुढे चालला होता आणि मागे राहणं शक्य नव्हतं.

जळका पाइन ओलांडून गास्पारेने त्याला पुंता कोर्वाकडून येणाऱ्याच्या जागेवर नेऊन उभं केलं. समोर कमरेएवढा खडक. डावीकडे वर जाणारी वाट, उजवीकडे खाली उतरणारी, आता गवतात गेलेली. ओरेस्तेने खडक नीट निरखला.

"इथे तर काहीच नाही," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला. "म्हणजे लोक म्हणतात तेच खरं."

गास्पारे गुडघ्यांवर बसला. जागा त्यालाच सापडेना, इतका रंग बेमालूम बसला होता. कसबाची त्याला आयुष्यात पहिल्यांदा किळस आली. डोळे मिटून बोटांनी चाचपत गेला तेव्हा एका ठिकाणी खडक जरा गुळगुळीत लागला. त्याने फडकं भिजवून तिथे दाबून धरलं आणि पाती चालवायला लागला. करडी साल निघाली, खाली गुलाबी दिसलं, मग लाल. एक ठिपका, आणि खाली उतरणाऱ्या वाटेच्या अंगाला दुसरा.

"हे माझे आहेत," तो खडकाकडेच बघत म्हणाला. "वाट बंद झाल्यावर झाकायला हवे होते. मला मिरवणुकीला जायचं होतं, म्हणून राहिले. तुमची मुलगी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी येऊन झाकले. कोणाला सांगितलं नाही."

ओरेस्ते मटकन दगडावर बसला.

"म्हणजे ती खुणेनेच गेली," तो म्हणाला.

"हो."

"बरोबर गेली पोर."

"बरोबर गेली. चूक माझी."

म्हाताऱ्याने मान हलवली. मग तोंडावर हात घेऊन तो रडला. मुलीसाठी रडला, आणि त्याहून जास्त बायकोसाठी, कारण तिला आता हे सांगता येणार नव्हतं. चारच महिने. जानेवारीच्या आत कोणीतरी हे सांगितलं असतं तर ती माउली पोरीला जवळ घेऊन गेली असती. गास्पारेला हे न सांगता कळलं. माफी मागायला तोंड उघडलं, पण कशाची कशाची मागणार?

ओरेस्ते काठीवर भार देऊन उठला. गास्पारेने हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

"बंदरापर्यंतच्या खुणा खऱ्या आहेत ना?"

"सगळ्या. दोन्हीकडून."

"मग मी एकटा जाईन. खाली पोचलो की पोलिसांना सांगणार आहे."

"सांगा. त्यांना वर पाठवा, मी इथेच आहे. ही खूण अशीच दिसली पाहिजे त्यांना."

म्हातारा निघाला. प्रत्येक ठिपक्यापाशी तो थांबत होता, पण आता हात लावत नव्हता, फक्त बघून पुढे जात होता. वळणाआड दिसेनासा होईपर्यंत गास्पारे बघत राहिला. मग तो खडकाशी आला आणि उघड्या पडलेल्या त्या दोन ठिपक्यांना पाठ लावून बसला. पुन्हा झाकायचे नव्हते, आणि तसेच सोडून जाताही येत नव्हतं. पिशवीतला पाव त्याने काढलाही नाही.

ऊन डोक्यावर येईपर्यंत पुंता कोर्वाकडून सात जण आले. प्रत्येकाला त्याने हाताने वरची वाट दाखवली. शेवटी एक बाई एकटीच आली, पाठीवर पिशवी, डोक्याला रुमाल. अशा उन्हात इथे का बसलात, बरं नाही का वाटत, असं तिने थांबून विचारलं.

"बरा आहे," गास्पारे म्हणाला. "खूण झाकून बसलोय."

तिला काही समजलं नाही. आपल्या बाटलीतलं थोडं पाणी तिने त्याला दिलं आणि ती वरच्या वाटेने गेली.