गाडीखालची फरशी

१२ मे २०२३. चिचटोला गावातून ग्रॅनाइट कापण्याच्या आणि घासण्याच्या कामावर गेलेले पुरुष सात. त्या दिवशी हयात तीन.

त्या तिघांपैकी मुखरू नन्नावरे चव्वेचाळीस वर्षांचा होता. नागभीडकडच्या या गावात त्याची दीड एकर धानाची जमीन होती. धान निघाले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो बायको सोमारीसह वरोरा, भद्रावती, चंद्रपूर येथील नव्या घरांत फरशा बसवीत असे. मरण पावलेल्या चौघांच्या कागदांवर क्षयरोग लिहिलेला होता. मुखरूनेही क्षयाची औषधे दोनदा पूर्ण घेतली होती. दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते, आणि दोन्ही वेळा खोकला थांबला नव्हता.

त्या सकाळी तो वरोऱ्यात नागसेन खोब्रागडे यांच्या घरी आला. नागसेन एका सिमेंट कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. घर पूर्ण झाले होते. फक्त गॅरेजची फरशी उरली होती, आणि तिथे काय घालावे हे आठवडाभर ठरत नव्हते. टाइल जॅक लावताच तडकते, असे शेजारी सांगत. सिमेंटचा कोबा तेल पितो आणि डाग धरतो. नागसेनांच्या पत्नी इंदुताई यांना ग्रॅनाइट हवा होता. लोकांच्या स्वयंपाकाच्या ओट्यांतून उरलेले तुकडे दुकानदार स्वस्तात देत होता. ते कापून एकमेकांना जुळवायचे आणि वरून घासून एकजीव करायचे, हेच मुखरूचे कसब होते.

गॅरेजच्या उतारावर चार पावले चढताना मुखरू दोनदा थांबला. नागसेनांनी ते पाहिले. कारखान्यात दरवर्षी छातीचा फोटो काढून घेतलेल्या माणसाला त्या थांबण्याचा अर्थ कळत होता.

"कोबा घालू," ते म्हणाले. "घोटून दे चांगला. गाडीच उभी करायची हाय, तिले काही तोंड पाह्याचं नाई त्यात."

"अन् माह्या बहिणी येतीन तवा?" इंदुताई म्हणाल्या. "म्हणतीन, फोरमनच्या घरी सिमेंट फुकट भेटते, म्हणून जिथीतिथी तेच थापलं."

"याचा दम पाह्यला का तू? दगडाची धूळ याले झेपणार नाई. मुखरू, तूच सांग. माह्या गाडीसाठी तुले काऊन मरायचं हाय?"

मुखरू उघड्या काँक्रीटकडे पाहत होता. "भाऊ, कोबा दोन दिवसांचा, ग्रॅनाइट नऊ दिवसांचा. दोन दिवसांसाठी मी इतक्या दुरून येऊन राह्यलो का? अन् कोबा घालणारे वरोऱ्यात ढिगानं भेटतात. मले लोक जोड दिसत नाई म्हणून बलावतात."

सोमारी हत्यारांच्या पिशवीजवळ बसली होती. ती म्हणाली, "दम घरी बसूनबी लागतेच, भाऊ. घरी लागला त कोणी रोजी देत नाई."

मुखरूचा श्वास वाचवण्याचे एकच साधन नागसेनांच्या हाती होते, आणि ते म्हणजे त्याला काम नाकारणे. दोन दिवसांचा कोबा घालून घेऊन नऊ दिवसांची मजुरी द्यावी, असाही एक मार्ग होता. तो तेथे कोणाच्याही मनात आला नाही. आला असता तर मुखरूने तो भीक म्हणून नाकारला असता की स्वीकारला असता, हे आता सांगता येत नाही.

नागसेनांनी ग्रॅनाइट मान्य केला, पण अटी घातल्या. कटरवर पाणी सोडून कापायचे. शटर उघडे ठेवायचे. आणि रोज गूळ खायचा. कारखान्यात पाळी संपली की प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गूळ धूळ ओढून पोटात नेतो, ही तिथली श्रद्धा होती. एकतीस वर्षे काम करूनही नागसेनांची छाती स्वच्छ राहिली होती, आणि त्याचे श्रेय ते तोंडावरच्या मास्कला किंवा धूळ शोषणाऱ्या यंत्राला न देता गुळाला देत. मुखरूचाही गुळावर तेवढाच विश्वास होता. त्या एका बाबतीत मालक आणि मजूर यांच्यात मतभेद नव्हता. त्याच दुपारी पाच किलो गूळ आला.

पहिल्या दिवशी सोमारीने पाणी सोडले आणि मुखरूने कापले. ओल्या कटरचा करंट सोमारीच्या हाताला दोनदा लागला. दगडावर आखलेली रेघ पाण्याने वाहून गेली आणि एक तुकडा वाया गेला. दुसऱ्या दिवसापासून काम कोरडे सुरू झाले.

तिसऱ्या दिवशी इंदुताई गच्चीवरून खाली आल्या. त्यांच्या हातात सरगुंड्यांची, म्हणजे काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या शेवयांची, सुपली होती. "अवो मुखरूभाऊ, उन्हात टाकलेले माह्ये सरगुंडे पहा! पावडर लावून लग्नाले निंगाल्यासारखे दिसून राह्यले."

सगळे हसले. मुखरूही हसला, आणि मग बराच वेळ खोकत राहिला. खोकला थांबल्यावर तो उठला आणि त्याने स्वतःच्या हाताने शटर खाली ओढले. तसे करायला त्याला कोणी सांगितले नव्हते. ते पुन्हा उघडायलाही कोणी सांगितले नाही.

पुढचे सहा दिवस कापणे आणि कडा घासणे बंद शटरच्या आत चालले. मुखरू नाकावर ओला दुपट्टा बांधत असे. नागसेन रोज दोनदा शटर हातभर उचलून वाटी आत सरकवत.

"खाल्ला का?"

"खाल्ला, भाऊ."

"अजून एक खडा खा. अन् पाणी काऊन नाई सोडत? सारं कोरडं दिसून राह्यलं."

"पाण्यानं रेघ जाते, भाऊ. जोड चुकला त बाई म्हणतीन, कोबाच बरा होता."

दुसऱ्या दिवशी वाटीत गूळ जास्त होता.

फरशी चांगली झाली. पावसाळ्यात मुखरू धानाच्या रोवणीला आपल्या शेताच्या बांधीत उतरला आणि पहिल्याच ओळीत खाली बसला. दिवाळीनंतर त्याला विहिरीवरून बादली आणता येईना. चंद्रपूरच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरून सांगितले की हा क्षय नव्हे, ही दगडाची धूळ आहे, आणि ती बाहेर काढण्याचा उपाय नाही. भरपाईसाठी अर्ज करा, असेही ते म्हणाले.

अर्ज करायचा तर मुखरू बांधकाम कामगार आहे हे सिद्ध व्हायला हवे होते, आणि त्यासाठी वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागत होता. बावीस वर्षांत त्याने दोनशेहून अधिक घरांत फरशा बसवल्या होत्या. कोणत्याही घरात तो दहा दिवसांपेक्षा जास्त राहिला नव्हता. त्याची छाती सर्वांनी मिळून खराब केली होती, आणि म्हणूनच ती कोणा एकाने खराब केली असे म्हणता येत नव्हते.

सोमारी वरोऱ्याला गेली. "नव्वद दिवस लिहून देजा, भाऊ," ती नागसेनांना म्हणाली.

"नऊ केले ना त्यानं. मी जिंदगीत खोट्यावर सही केली नाई, बाई."

"नवावर एक शून्यच त द्यायचं हाय," इंदुताई म्हणाल्या. "कोण येते मोजाले? लिहा ना."

नागसेन कागद पुढे घेऊन बसले. त्यांनी नऊ दिवस लिहिले. काम पाण्याविना झाले, शटर बंद होते, मजुराला दम लागत असल्याचे मला आधीच माहीत होते, हेही लिहिले. खाली पूर्ण नाव आणि पत्ता घालून सही केली. सोमारीला वाचता येत नव्हते. कागद भरून लिहिलेला पाहून ती म्हणाली, "लई उपकार झाले, भाऊ." नागसेनांनी मान वर केली नाही.

बांधकाम कामगारांच्या कार्यालयातल्या कारकुनाने कागद पूर्ण वाचला आणि उरलेल्या एक्क्याऐंशी दिवसांचे दाखले मागितले. त्यानंतर सोमारी सहा घरी गेली. दोन घरांना कुलूप होते. तिघांनी काम ठेकेदाराला दिले होते असे सांगितले. एका घरात मुखरूचे नाव कोणाला आठवले नाही.

नऊ दिवसांची मजुरी काम संपले त्याच दिवशी दिली गेली होती. छातीच्या आजाराबद्दल मुखरू नन्नावरेला आजपर्यंत कोणाकडूनही काहीही मिळालेले नाही.