बुवांची माळ आणि माझं खुराडं

“देव्हाऱ्यात! फुलांच्या परडीत! देवासमोर अंडं घातलंय तिनं! सांग तिला, या घरात माझी माळ राहील, नायतर तिच्या कोंबड्या!”

हे आमचे थोरले दीर. गाव त्यांना बुवा म्हणायचं. ‘सांग तिला’ म्हणजे जाऊबाईंनी मला सांगायचं. मी तिथंच हातभर अंतरावर कण्या टाकत बसलेली! पण थोरल्या दिराशी भावजयीनं सरळ बोलायचं नाही, ही आमच्या पनवेलकडची तेव्हाची रीत. जाऊबाईंनी तोंड उघडायच्या आत मी काळ्या कोंबडीला म्हणाले, “काय गो काळे, लोक देवाला नारळ ठेवतात, तुझ्याकडं जे हाय ते तू ठेवलंस. कुणाचं काय जळलं?”

रीत मोडली नाही. दिराशी कुठं बोलले? कोंबडीशी बोलले!

कोंबड्या पाळणाऱ्या बाईला किस्से शोधत फिरावं लागत नाही. खुराड्याचं दार उघडलं की कोंबड्यांच्या आधी तेच बाहेर पडतात. पनवेलच्या खाडीत गलबतं लागत होती, तेव्हाचे हे. मी शाळेत गेले नाही. कोंबड्यांच्या टोपलीत घालायला आणलेल्या जुन्या पेपरांवर अक्षरं जुळवत वाचायला शिकले. त्यामुळे कुठल्या मास्तरचे उपकार नाहीत, आणि लिहिताना कुणाची भीतीही नाही.

* * *

एकदा तालुक्याच्या ब्लॉक कचेरीतल्या साहेबांनी पांढरीशुभ्र विलायती कोंबडी दिली. तिचं नाव पडलं मड्डम. मड्डम अंडं घालायची आणि मागं न बघता चालू पडायची.

जाऊबाई म्हणाल्या, “ही अंड्यांवर बसंल कवा?”

“तिला टाइम नाय, बाय!”

शेवटी तिची अंडी काळीनं उबवली. पिल्लं निघाली तेव्हा मड्डम टोपलीपाशी आली, लांबूनच मान वाकडी करून बघितलं आणि गेली. दवाखान्यात कुणाचं बाळ बघायला आल्यासारखी!

* * *

आमचा तुऱ्याचा कोंबडा पाहुण्यांच्या डोळ्यांत भरायचा. बुवांनी माळ घातली तरी पाहुण्यांनी थोडीच घातली होती! कुणी त्याच्याकडं टक लावून बघू लागलं, की मी मोठ्यानं कोंबड्याला म्हणायचे, “खा बाबा, तू गावदेवीच्या नवसाचा!” नवसाच्या कोंबड्याला कोण हात लावणार? पाहुणा मुकाट वालाच्या बिरड्यावर जेवून जायचा.

कामोठ्याचा एक पाहुणा मात्र चिवट निघाला. “तीन वर्सं हाच कोंबडा बघतोय मी. नवस हाय तरी कसला?”

मी म्हटलं, “हा म्हातारा होऊन मरावा, असा!”

* * *

आता बुवांचा गळा. तसा गळा पंचक्रोशीत नव्हता. माळ घालण्याआधी ते कच्चं अंडं गिळल्याशिवाय टाळ हातात घेत नसत. माळ घातली, अंडं सुटलं. गळा होता तसाच राहिला. देवाची कृपा, असं सगळं गाव म्हणायचं. मीही मान हलवायचे.

* * *

त्याच सुमारास खुराड्यात मुंगूस यायला लागलं. कोंबडीनं दुसरीकडं घालू नये म्हणून टोपलीत एक अंडं मुद्दाम ठेवतात. ते सकाळी नेमकं गायब! मुंगूस आलं की पिसं पडतात, कवचं पडतात, कोंबड्या गाव डोक्यावर घेतात. इथं कोंबड्या गपगार. आणि जाताना खुराड्याची कडी लावलेली!

“मुंगूस कडी लावतंय?” जाऊबाईंनी डोळे विस्फारले.

“चांगल्या घरातलं असंल!” मी म्हटलं.

अंडी जात होती त्याचा मला राग येत होता, का नाही येणार? अंड्यांवर माझ्या पोरींच्या पाट्या-पेन्सिली यायच्या. त्या शाळेत जाव्यात म्हणून तर मी खुराडं मांडलं होतं. एका संध्याकाळी काळीखालचं न फुटलेलं, पार नासकं अंडं मी टोपलीत ठेवून दिलं.

सकाळी देवळात काकडआरती पहिल्याच कडव्याला थांबली. बुवा तोंडाला उपरणं लावून विहिरीकडं धावले, असं जाऊबाई सांगत आल्या. “पित्त झालंय त्यांना,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “सुंठ द्या.”

* * *

आणि त्याच सकाळी बुवा घरी आले ते देव्हाऱ्यातल्या अंड्यावरून पेटले! काळी त्याआधी दोनदा देव्हाऱ्यात जाऊन आली होती. तेव्हा नुसतं ‘हाड्’ केलं होतं. आज माळ आठवली.

“सांग तिला,” बुवा जाऊबाईंवर ओरडले, आवाज मात्र फाटलेला, “उद्या नाय, आजच! टोपली भरायची आन् सगळ्या कोंबड्या तिच्या माहेरी, गव्हाणला धाडायच्या!”

ओटीवर माझी धाकटी पाटी पुसत होती, ती थांबली. आमचे हे खांबाला टेकून पायाचा अंगठा बघत बसले. मोठ्या भावापुढं ते कायम अंगठाच बघायचे. जाऊबाईंनी भीत भीत टोपली आणून माझ्यासमोर ठेवली.

मी तांबडीला उचललं, टोपलीत ठेवलं. मग काळीला. मग हात झटकले, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा बुवांच्या तोंडाकडं सरळ बघून म्हणाले,

“बुवा, कोंबड्या आता धाडते, पण ते कडी लावणारं मुंगूस कुणाच्या घरी धाडू, तेवढं तुमीच सांगा!”