डाव्या खांद्यातली कळ

माझे मेहुणे, म्हणजे पत्नीचे थोरले बंधू, आजही चारचौघांत सांगतात, ‘भाऊजींच्या हट्टापायी त्या दिवशी माझी बहीण जिवानिशी जायची.’ हे साफ खोटे आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पत्नीच्या पित्ताशयात खडे निघाले. पोट न फाडता, लहान छिद्रांतून दुर्बीण घालून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया ठाण्यात तेव्हा नवी होती. मेहुण्यांचा त्या शस्त्रक्रियेला विरोध होता. आम्ही नवरा-बायकोने ती करायची ठरवली. सर्जननी मला आधीच बजावले होते, ‘पोट गॅसने फुगवावं लागतं. नंतर एखाद-दोन दिवस खांदा दुखेल, घाबरू नका.’ मेहुणे तेव्हा तिथे नव्हते.

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती उठून बसली आणि डावा खांदा धरून कळवळली. ठाकुर्लीहून नुकतेच आलेले मेहुणे ओरडले, ‘डावा खांदा! हे हार्टच. मुंबईला हलवा!’ आणि त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली.

‘दादा, तो गॅस आहे. डॉक्टरांनी सांगितलंय.’

‘पोटातला गॅस खांद्यात? माणूस आहे की तुमच्या फॅक्टरीतली पाइपलाइन?’

मी दार अडवले, हे खरे. ढकलले कोणालाच नाही. पण दुखेल तो खांदा कोणता, हे सर्जननी सांगितले नव्हते, आणि ते त्या वेळी कल्याणला दुसऱ्या शस्त्रक्रियेत होते. म्हणून मी म्हणालो, आधी इथेच कार्डिओग्राम काढा. मेहुणे म्हणतात, ते त्यांनी सुचवले. पत्नी म्हणते, ‘तुम्ही भांडत होता, सिस्टरना मीच सांगितलं.’ वेदनेने डोळे मिटून पडलेल्या बाईची साक्ष मी ग्राह्य धरत नाही.

आम्हा दोघांना बाहेर काढण्यात आले. व्हरांड्यात आम्ही एकमेकांना ओलांडत येरझाऱ्या घालत होतो. ड्रायव्हरने विचारले, ‘न्यायचंय की नाही?’

‘थांब,’ आम्ही दोघेही म्हणालो.

ड्यूटीवरचे डॉक्टर बाहेर आले. ‘हृदय उत्तम आहे. आडवं झोपवल्यावर कळही कमी झाली. त्या गॅसचंच दुखणं. तो छातीखालच्या पडद्याला डिवचतो आणि कळ खांद्यात जाणवते, कुठल्याही.’

मेहुण्यांनी गाडी परत पाठवली आणि आत जाऊन म्हणाले, ‘बघ, म्हटलं होतं ना, आधी तपासू या!’

‘दादा, तू घरी जा. आणि अहो, तुम्हीपण.’

मी गेलो नाही. दर थोड्या वेळाने ‘आता कुठे दुखतंय?’ असे विचारत राहिलो. ती उत्तर देईनाशी झाली, तेव्हा वाकून तिचा श्वास पाहिला. ती झोपली होती. तरीही संध्याकाळी सर्जन येईपर्यंत मी खुर्चीत टेकलो नाही.