मनोहररावांनी घर वाढवले

आदरणीय मनोहरराव यांची आणि माझी पहिली ओळख झाली ती आवाजाची. त्यांचा चेहरा मी पुढे कित्येक वर्षांनी पाहिला. मालेगावहून थोडे आत गेले की आमचे गाव लागते. तिथे बसथांब्याला लागून माझे एसटीडी-पीसीओचे दुकान होते. दर रविवारी सकाळी आठ वाजता कॅनडाहून फोन येई आणि पलीकडून शांत, घाई नसलेला आवाज म्हणे, "गजाननराव, आईले बलावता का? मी पंधरा मिन्टानं पुन्हा लावतो." मी तेव्हा जेमतेम पंचविशीचा. मला 'राव' म्हणणारे गावात दुसरे कोणी नव्हते.

मी सायकलवर जाऊन त्यांच्या मातोश्रींना घेऊन येई. मातोश्रींना ऐकू कमी येत असे, म्हणून त्या एकट्याच बोलत. कोणाच्या तुरीला फूल लागले, कोणाची म्हैस व्याली, कोणत्या सुनेचे सासूशी पटत नाही, असे सगळे. मनोहरराव पलीकडे नुसते ऐकत.

मातोश्री गेल्या तेव्हा तिकडे हिमवादळाने विमाने बंद होती. मनोहररावांना येता आले नाही. त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी बरोबर आठ वाजता माझ्या दुकानातला फोन वाजला. मी फोन उचलला. तेच म्हणाले, "आई नाही हे मालूम आहे मले. पन आठ वाजले की हात फोनकडे जाते. गिऱ्हाईक नसंल तं तुमीच सांगा, तुरीचं कसं काय?"

तो रविवार आणि आजचा रविवार. पीसीओ केव्हाच बंद पडला, आता मी त्याच जागेत लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. पण आठचा फोन चुकला असेल तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. या काळात 'गजाननराव'चा 'गजू' झाला आणि 'तुमी'चे 'तू' झाले, आणि ते माझे 'काका' झाले. ही माझी बढती आहे असे मी मानतो.

मनोहररावांच्या वडिलांचे मालेगावच्या बाजारात लहानसे किराणा दुकान होते. शाळा सुटली की मनोहरराव तिथे पुड्या बांधायला बसत. पुढे त्यांनी यंत्रशास्त्राची पदविका घेतली, काही वर्षे इकडे नोकरी केली आणि कॅनडातल्या विनिपेग शहरी गेले. तिथल्या पाणीपुरवठ्यात ते अठ्ठावीस वर्षे होते. उणे तीस अंश थंडीत जमीन खोदून फुटलेले नळ जोडायचे, हे त्यांचे काम. आमच्या उन्हाने तडकलेल्या भागातला माणूस गोठलेल्या पाण्याशी झगडत राहिला, याचे मला नेहमी नवल वाटते. त्यांना वाटत नाही. ते म्हणतात, "पानी आटलं काय अन् गोठलं काय, घागर रिकामीच असते ना."

त्यांचे काम मी एकदाच डोळ्यांनी पाहिले. पत्नी शांताकाकूंना घेऊन ते गावी आले होते. ग्रामपंचायतीने सत्कार ठेवला होता. सरपंच हार घेऊन उभे, आणि सत्कारमूर्ती कुठे दिसेनात. शोधले तर ते पाण्याच्या टाकीखाली पाणी सोडणाऱ्या किसनरावांसोबत उकिडवे बसलेले. व्हॉल्व्ह कित्येक महिने गळत होता. मनोहररावांनी जुन्या ट्यूबचा वायसर कापून बसवला, किसनरावांकडून पुन्हा एकदा उघडून बसवून घेतला आणि मगच उठले. सरपंचांनी हार घातला तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता. भाषणात कोणी म्हणाले की कॅनडातले रस्ते फार स्वच्छ असतात म्हणे. मनोहरराव लगेच म्हणाले, "असतीन. आमीच खोदत होतो अन् आमीच बुजवत होतो."

परदेशाविषयी त्यांची मते अशीच आहेत. 'तिकडे सगळे चांगले' म्हणणाऱ्याशी ते वाद घालतात आणि 'तिकडे माणुसकी नाही' म्हणणाऱ्याशी त्याहून जास्त. परदेशी राहणे म्हणजे सुख नाही आणि दुःखही नाही, ते नुसते राहणे आहे, असे ते सांगतात. गावी कायमचे परत या असे मी एकदा सुचवले होते. त्यांनी विचारले, "येऊन कोनाच्या वसरीत बसू? माह्या वयाचे सारे गेले. तिथं निदान माही पोरगी आहे, अन् वल्गाबाई आहेत." वल्गाबाई म्हणजे शेजारच्या ओल्गाबाई. युक्रेनच्या, वयाने ऐंशीच्या पुढच्या. काकांनी त्यांना कढी द्यायची आणि त्यांनी काकांना बीटाचे सार द्यायचे, असा दोन घरांतला जुना रिवाज आहे. एकमेकांचे इंग्रजी दोघांनाही नीट कळत नाही, त्यामुळे आजवर भांडण झालेले नाही, असे काका म्हणतात.

पहाटे पाचला उठावे, स्नान करावे, कपाटातल्या छोट्या देवघरापुढे हात जोडावेत, मग ज्वारीची भाकरी थापावी. तिथे मिळणारे पीठ जुने असते, भाकरीला भेगा पडतात. काका ती दुधात कुस्करतात आणि तक्रार करत नाहीत. परदेशात देवाची आठवण राहते का, असे मी भाबडेपणाने विचारले होते. उत्तर आले, "त्या थंडीत हात जोडले तं पुन्यही लागते अन् ऊबही."

त्यांच्या चांगुलपणाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझे वडील वारले त्या आठवड्यात रविवारी त्यांचा फोन आला. मी 'काका' एवढेच म्हणालो आणि मला पुढे बोलता येईना. त्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. फोन मात्र ठेवला नाही. तासभर त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मधे एकदा ते खोकले, एकदा खुर्ची करकरली. शेवटी मीच म्हणालो, काका, आता ठेवतो. ते म्हणाले, "ठेव. मी आहे." पोथीत वाचलेला दिलासा मला त्या दिवशी प्रत्यक्ष भेटला.

असा माणूस गेली दोन वर्षे आम्हा सर्वांच्या जिवाला घोर लावून बसला होता, हे या गौरवग्रंथाच्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

शांताकाकू गेल्या आणि काका त्या मोठ्या घरात एकटे उरले. झोपायची खोली माडीवर, कपडे धुण्याचे यंत्र तळघरात, आणि मधे दोन उभे जिने. गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात ते तळघराच्या जिन्यावरून घसरले. मनगट मोडले, बरगडीला मार बसला. उठता येईना. सकाळी दहा वाजले तरी काकांच्या दारातला बर्फ ओढलेला नाही, हे ओल्गाबाईंनी पाहिले म्हणून ते वाचले. त्या बाईंना मी कधी भेटलो नाही, पण गुरुवारी पोथी संपली की त्यांचे नाव घेतो.

त्यांची मुलगी वंदनाताई त्याच शहरात दुसऱ्या टोकाला राहतात. त्यांनी बापापुढे हात जोडले. घर सोडा, माझ्याजवळ या. काका हो म्हणत नव्हते. शेवटी वंदनाताईंनी मला फोन केला, "गजूदादा, तुमचं ऐकतात ते." ऐकत तर माझेही नव्हते. मी दर रविवारी विषय काढायचो आणि ते तुरीवर यायचे. मी जिन्याचे बोलायचो, ते सोयाबीनच्या शेंगांचे विचारायचे. एकदाच म्हणाले की या घरातला प्रत्येक नळ त्यांनी स्वतः बसवला आहे. दुसरा हिवाळा आला. विनिपेगचे हवामान मी फोनवर पाहू लागलो. बर्फ दिसला की माझ्याकडून अर्जात चुकीचे आकडे पडत.

आणि एके दिवशी सकाळी त्यांचा लेखी निरोप आला. काका निरोप जुन्या वळणाच्या मराठीत लिहितात. "चि. गजू यास आशीर्वाद. रविवारी घर वाढवले. वंदना व जावई मदतीस होते. फार दमलो. सविस्तर मागाहून."

मी तो दोनदा वाचला आणि माझे डोके फिरले. ज्या घरात एकट्याला चढउतर होत नाही ते घर या माणसाने वाढवले. आणि वंदनाताईही त्यात सामील. दुकानात अर्ज भरायला आलेल्या गृहस्थांनी माझा चेहरा पाहून विचारले तेव्हा मी सांगून बसलो. दुपारपर्यंत गावभर झाले की कॅनडावाल्यांनी पंच्याहत्तरीत माडीवर माडी चढवली. पारावर एकाने तर म्हटले, वर जायाची घाई झाली असंल.

मी तेव्हा जे लिहून पाठवले ते आज कबूल करतो. "काका, दोन जिने कमी पडले म्हणून तिसरा बांधला का? यापुढे तुमच्या तब्येतीची चौकशी मी करणार नाही. मला ते सोसत नाही." माझ्या वडिलांना मी कधी असे बोललो नव्हतो.

उत्तर आले नाही. रविवार आला, आठ वाजले, साडेआठ झाले. फोन वाजला नाही. मी लावला तर पलीकडून यंत्राचा आवाज आला की हा क्रमांक बंद आहे. वंदनाताईंना विचारायची माझी हिंमत होईना. ज्या माणसाने माझ्या दुःखात तासभर फोन धरून ठेवला, त्याला मी दोन ओळींत तोडून टाकले होते. चार दिवस जेवण गेले नाही.

आई अंगणात सुपात हरभरा निवडत होती. तिने विचारले, काहून असं तोंड करून राह्यला? मी तिला काकांचा निरोप वाचून दाखवला. तिने हरभरा तसाच ठेवला आणि पदराने डोळे पुसत हसू लागली.

"अरे बापा, वाढोलं म्हंजे मिटोलं. दुकान बंद केलं असं कोनी म्हनते काय? अभद्र दिसते ते. त्याच्या बापाच्या दुकानात मी किती खेपा आयकलं, दिवस बुडाला की म्हने, 'मन्या, वाढव आता.' ते काय रोज माडी बांधत होते? बांगडी फुटली तं वाढली म्हनतो ना आपन? मनोहरनं घर बंद केलं थ्या. इतक्या लोकायचे फारम भरतो तू, अन् तुले एवढं समजलं नाही?"

मी ओट्यावर बसून राहिलो. दुकानाच्या बाबतीत हा शब्द मलाही माहीत होता. पण घराला तो लावला तेव्हा त्याचा अर्थ मला सुचला नाही, कारण आमच्याकडे घर बांधतात, वाढवतात, भाड्याने देतात. सुखरूप मिटवताना घरासाठी शुभ शब्द शोधावा, असे आमच्यापैकी कोणाच्या मनात येत नाही. ज्या घराचा प्रत्येक नळ आपल्या हाताने बसवला, ते 'बंद केले', 'सोडले' असे काकांच्या लेखणीतून उतरले नसणार. बापाच्या दुकानातला शब्द त्यांनी इतकी वर्षे तिकडच्या थंडीत सांभाळला, आणि मी मालेगावच्या सावलीत राहून तो विसरलो.

वंदनाताईंना फोन लावला. त्या हसल्याही आणि रडल्याही. काका वंदनाताईंच्या घराशेजारच्या इमारतीत तळमजल्यावर राहायला आले होते. एक खोली, स्वयंपाकाची जागा, न्हाणीत धरायला दांड्या, जिना एकही नाही. जुन्या घराचा फोन बंद झाला होता, नवा लागायचा होता, आणि सामान हलवताना काकांचा मोबाइल कोणत्या खोक्यात गेला ते सापडत नव्हते. माझ्या त्या दोन ओळी काकांनी वाचल्याच नव्हत्या. मी म्हणालो, वंदनाताई, मोबाइल सापडला की आधी माझा निरोप पुसून टाका. त्या म्हणाल्या, "नाही हो गजूदादा, बाबांना वाचू द्या." मी देवापुढे दिवा लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा मी काही मागण्यासाठी हात जोडले नव्हते.

पुढच्या रविवारी आठ वाजता फोन आला. मी क्षमा मागू लागलो, त्यांनी मागू दिली नाही. आधी वल्गाबाईंचे सांगितले. त्यांचा मुलगा दर शुक्रवारी त्यांना काकांकडे आणून सोडणार आहे, म्हणजे कढीची सोय झाली. मग मोबाइल सापडल्याचे सांगितले.

"गजू, तुहं पत्र मी तीनदा वाचलं. तिसरा जिना लय भारी लिहिला तू." आणि मग हळू आवाजात, "शांता गेल्यापासून माह्यावर रागावनारं कोनी उरलं नोतं रे. सारे काळजी करत. डॉक्टर, वंदना, जावई, सारे. काळजी कोनीबी करते. रागवाले आपलं मानूस लागते. रागवत जाय तू."

मनोहररावांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांच्या शाळासोबत्यांनी हा ग्रंथ काढायचे ठरवले आणि मलाही लिहायला सांगितले, याबद्दल मी ऋणी आहे. त्यांच्या कामाविषयी जाणकार लिहितील. मला एवढेच सांगायचे आहे की ते तळमजल्यावर आहेत, मनगट बरे आहे, भाकरीला अजून भेगा पडतात आणि आम्ही सारे रात्री नीट झोपतो. परमेश्वराने त्यांना शंभर वर्षे सपाट जमिनीवर, निरोगी पायांनी चालवावे. त्यांनी अधूनमधून डॉक्टरांचे ऐकू नये, गोळी चुकवावी, टोपी न घालता बर्फात जावे, आणि मी येथून रागवावे. मला दिलेले हे काम मी आयुष्यभर मनापासून करीन.