रेवाशी हिंदीत बोलणारे श्रीधरभैया

श्रीधरभैया आमच्याकडे मराठी बोलायला यायचे. गाव हिंदी बोलणारं; ओरछा गेटच्या आमच्या गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. संध्याकाळी ते येऊन खुर्चीत टेकायचे, चहा घ्यायचे आणि दिवसभर तोंडात अडकलेलं सगळं बोलून टाकायचे. स्वतःच्या घरात त्यांनी मराठी बंद केली होती.

कारण होती रेवा, त्यांची पाच वर्षांची मुलगी. तिला ऑटिझम आहे. शब्द अगदी थोडे. मानिक चौकात नेलं की ती बंद दुकानांच्या शटरवरून तळवा फिरवत चालायची. मध्ये एखादं दुकान उघडं लागलं की तिथेच थबकायची, पुढे हलायची नाही. मग श्रीधरभैया दुकानदाराला अगदी अदबीनं म्हणायचे, "भाईसाहब, दो मिनट शटर आधा गिरा देंगे?" आणि नवल म्हणजे, बहुतेक जण शटर खाली ओढायचे.

आठवड्यातून एकदा अर्धा तास रेवाला स्पीच थेरपी मिळायची. तिथल्या मॅडमनी सांगितलं, घरात एकच भाषा ठेवा, मुलगी गोंधळते. गाव हिंदी, पुढे शाळाही हिंदी, म्हणून मराठी गेली. त्यांच्या बायकोला, ललिताला, हे मुळीच पटलं नव्हतं. पण मुलीसमोर मराठी नको म्हणून दोघं भांडायलासुद्धा आमच्या स्वयंपाकघरात यायची. मी भाजी चिरत ऐकायची.

अर्धा तास पुरत नव्हता, हे उघड होतं. श्रीधरभैया आणखी थेरपी शोधत हिंडू लागले. "विचारून तर बघू जी," हे त्यांचं पालुपद. एका डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्याचं नंतर, आधी ऑक्युपेशनल थेरपी लावा. हातापायांचं जमलं की बाकीचं येईल. दुसऱ्यांनी नेमकं उलट सांगितलं. एक म्हणाले शाळेत घाला, एक म्हणाले इतक्यात नको.

"सगळे इतक्या खात्रीनं सांगतात ताई," ते म्हणाले, "की ज्याच्याकडे जातो त्याचंच मला पटतं. घरी येईपर्यंत पटलेलं असतं. चप्पल काढताना पुन्हा गोंधळ."

मग कुणीतरी ग्वाल्हेरचं एक केंद्र सुचवलं. तिथून परतले ते सरळ आमच्याकडे आले. पुढ्यातला चहा निवला.

"तिथल्या बाई म्हणाल्या, दोन भाषांनी काही बिघडत नाही. घरात जी सहज येते ती बोला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे इतके महिने मी तिच्याशी एखाद्या पाहुण्यासारखा बोललो. रात को नींद आई? दूध पियोगी? आणि ही बाईही चुकत असेल तर?"

दुसऱ्या दिवशी ते आधीच्या मॅडमना विचारायला गेले. त्या रागावल्या नाहीत. "हमने तो यही सीखा था भैया," इतकंच म्हणाल्या, आणि गुरुवारची आणखी एक वेळ रेवाला दिली. श्रीधरभैयांना वाटलं होतं तिथे भांडण होईल. भांडण झालं असतं तर कुणाची बाजू घ्यायची ते तरी कळलं असतं, असं ते म्हणाले.

घरात मराठी परत आली. रेवाला त्यानं काय झालं, सांगता येत नाही. ती ललिताच्या तोंडाकडे जास्त बघते, असं ललिताला वाटायचं. श्रीधरभैयांना कधी वाटायचं, कधी नाही.

रोज थेरपी हवी तर ग्वाल्हेरलाच राहायला हवं होतं. जा, असं ललितानंच सांगितलं. त्यांनी बदली मागितली, मिळाली. ललिताची जवळच्या बबीनाच्या शाळेतली नोकरी सुटण्यासारखी नव्हती. तिनं दर शनिवारी जाऊन यायचं, असं ठरलं. आईपासून लेकीला लांब न्यायचं, तेही आईच्याच सांगण्यावरून, आणि त्याचा उपयोग होईलच असं कुणी लिहून देत नव्हतं.

निघायच्या दिवशी मी स्टेशनवर गेले. ललिता रेवाला खिडकीशी बसवत होती. श्रीधरभैया फलाटावर माझ्याशेजारी उभे होते.

"ताई, बरोबर करतोय ना मी?"

हो म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं. "मला माहीत नाही, श्रीधरभैया," मी म्हणाले.

त्यांचे खांदे सैल झाले. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. "चला," ते म्हणाले, "माहीत नसण्यात तरी कुणीतरी माझ्याबरोबर आहे." आणि ते गाडीत चढले.